करंड्यातली बन्नी

हे सांगायला मी आजवर कुणापुढेच तोंड उघडलेलं नाही. अक्कापुढे नाही, भावापुढे नाही. देवापुढे तर नाहीच — कारण ती गोष्ट आमच्या देव्हाऱ्यातच ठेवलेली आहे, आणि तिच्याकडे बघत हात जोडायची मला इतक्या वर्षांत सवय झाली आहे. कसली गोष्ट, ते सांगते. पण मला जरा माझ्या चालीनं येऊ द्या. एकदम सांगायला गेले तर मी काहीतरी माझ्या सोयीचंच सांगून मोकळी होईन. तेही मला चांगलं जमतं.

आधी मी कोण ते. मी सुधा. धारवाडात केलगेरीच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बैठं घर आहे. तिथं मी आणि माझी थोरली बहीण, अशा दोघीच राहतो. लग्न दोघींनीही केलं नाही. आई लवकर गेली, मला आणि धाकट्या विनूला वाढवायचं म्हणून अक्कानं केलं नाही. मी अक्काला एकटं सोडायचं नाही म्हणून केलं नाही, असं मी लोकांना सांगत आले. खरं म्हणजे माझं जमलं नाही. हुबळीला लॅमिंग्टन रोडजवळच्या एका शाळेत मी गणित शिकवलं, रोज बसनं रायापूर मागं टाकत गेले-आले, आणि निवृत्त झाले. एवढंच असतं तर तुम्हाला बसवून सांगण्यासारखं काही नव्हतं. पण शाळेत माझी आणखी एक ख्याती होती. मी भांडणं मिटवायचे.

हसू नका. शिक्षकांच्या खोलीत पंख्याखालची खुर्ची कुणाची, यावरून दोन शहाण्या बायका महिना-महिना एकमेकींशी बोलत नाहीत. एकीनं दुसरीचा डबा न विचारता सरकवला, एकीनं दुसरीच्या मुलीच्या मार्कांबद्दल काही म्हटलं — की झालं. मग आमचे हेडमास्तर दारातून मला हाक मारायचे, "नीव होग्री बाई, नीव होद्र आगतद." तुम्ही जा, तुम्ही गेलात की होतं. आणि व्हायचंही. मी काही जादू करत नव्हते. कुरबुर कोवळी असते तेव्हाच तिच्याकडे जायचं, शक्यतो त्याच दिवशी. कुणी सुरुवात केली हे चुकूनही विचारायचं नाही. एकीचं बोलणं दुसरीकडे नेताना तिखट वाटेत सांडायचं, गूळ तेवढा पोचवायचा. आणि एकीनं एक पाऊल पुढं टाकलं असेल, तर ते दुसरीला ताबडतोब कळवायचं. हे फार महत्त्वाचं. टाकलेलं पाऊल समोरच्याला दिसलंच नाही, तर टाकणारीला तो अपमान वाटतो, आणि मग मूळचं भांडण राहतं बाजूला — राईचा पर्वत व्हायला तिथून सुरुवात होते.

हे सगळं मला इतकं नीट माहीत होतं. म्हणजे मी जे केलं ते न कळून केलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही पुढे मला सवलत द्याल.

अक्का माझी होती. हे वाक्य या वयात बोलताना मला लाज वाटते, पण दुसरं कुठलं वाक्य खरं नाही. आई गेली तेव्हा मी तिच्याच पदराखाली निजले. माझ्या वेण्या तिनं घातल्या, दुधावरची साय माझ्यासाठी वाटीत काढून ठेवली, मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी बस येईपर्यंत माझ्याबरोबर रस्त्यावर उभी राहिली. विनूवर तिचा जीव होता, पण तो मुलगा — बाहेर उंडारायचा, हाती लागायचा नाही. घरात आम्ही दोघी. संध्याकाळी मी शाळेतून आले की पायरीवर बसून ती विचारायची, आज कुणाचं मिटवलंस गं? मी रंगवून सांगायचे. ती हसायची. मला वाटायचं, हे असंच राहणार.

मग विनूचं लग्न झालं. मेधा आली.

अळणावरकडची मुलगी. शेतीवाडीतली, मोठ्या आवाजाची, हसली की शेजारच्या घरात ऐकू जाणारी. आई लहानपणीच गेलेली. बस — एवढं अक्काला पुरेसं होतं. लग्नानंतर पहिले काही महिने विनू-मेधा आमच्याकडेच होते, मग हुबळीला बिऱ्हाड केलं. त्या काही महिन्यांत मेधा अक्काच्या इतकी गळ्यात पडली की मी बघतच राहिले. अक्काच्या मागं मागं स्वयंपाकघरात. अक्काच्या शेजारी भाजी निवडायला. "अक्का, हे कसं करता की", "अक्का, तुमच्या हातचंच पायजे". कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी मनात म्हणायचे. कुणाजवळ बोलणार? लोक म्हणाले असते, बाई, तुला काय कमी पडलं?

काय कमी पडलं ते सांगते, अगदी बारीकसारीक. दुपारी जेवणं झाली की मेधाचा फोन यायचा. रोज. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की आतल्या खोलीतून ऐकायचे. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि मधेच अक्काचं हसणं. ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या गोष्टींना ती हसायची ते कौतुकाचं हसणं होतं. हे वेगळं होतं, बरोबरीच्या बाईशी हसतात तसं. मी बाहेर आले की ती फोन ठेवायची आणि डोळे पुसत म्हणायची, "काय की बाई ही पोरगी." काय म्हणाली, ते मात्र सांगायची नाही.

आणि आईची इरकल साडी. गर्द हिरवी, लाल पदराची. अक्कानं ती वर्षानुवर्षं ट्रंकेत जपली होती, वर्षातून एकदा उन्हात घालायची. मी कधी मागितली नाही. मागायची कशाला, मला वाटायचं ती माझीच आहे, योग्य वेळी मिळेल. अनघा झाली — विनूची मुलगी — तेव्हा बारशाला अक्कानं ती साडी मेधाच्या ओटीत घातली. घरी आल्यावर मी काही बोलले नव्हते, तरी म्हणाली, "सुनेचा मान असतो गं तो." मी म्हटलं, "हो की. मी कुठं काय म्हणतेय." त्या रात्री मला झोप लागली नाही. एका साडीसाठी! गणिताच्या बाईला! पण मत्सर असाच असतो बघा. तो मोठ्या गोष्टींवर पोसला जात नाही, हसण्यावर आणि साडीवर पोसला जातो.

आता भांडण. भांडण म्हणावं एवढंही ते नव्हतं.

दरवर्षी गणपतीला अक्का विनूकडे शेंगांची होळगी करून न्यायची. शेंगदाण्याचा कूट, गूळ, वेलदोडा, आणि पापुद्र्यासारखी पातळ पोळी. त्या वर्षी तिची मनगटं दुखत होती. हे मेधाला सांगितलं कुणी? मी. सहज, फोनवर. वाईट हेतूनं नाही, तोवर तरी नाही. मेधानं काय केलं, तर अक्काला त्रास नको म्हणून ओळखीच्या खानावळीतून होळगी मागवून ठेवली. आणि अक्का पहाटे उठून, दुखऱ्या हातांनी लाटून, डबा भरून घेऊन गेली तर तिथं पानात आधीच होळगी वाढलेली. पाहुण्यांसमोर मेधा मोठ्या आवाजात म्हणाली, "अक्का, आता तुमचे हात दमले की. आता तुम्ही बसून खायचं."

प्रेमानंच म्हणाली. मला तेव्हाही कळलं, आताही कळतं. अक्काला ते ऐकू आलं ते असं — की तुमचं काम संपलं. ती डबा न उघडताच परत घेऊन आली. परतीच्या बसमध्ये माझ्याशी एकच वाक्य बोलली, "माझे हात दमले, हे तिला कुणी सांगितलं?"

मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्या वेळी "मी सांगितलं गं, तुझ्या काळजीनं सांगितलं" एवढं म्हटलं असतं तर तो विषय रायापूर यायच्या आत संपला असता. अक्का माझ्यावर दोन दिवस फुगली असती आणि झालं. मी बोलले नाही. पण ही माझी खरी चूक नव्हे. ही नुसती पायरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मेधाच्या लक्षात आलं होतं की अक्का रुसली, पण का, ते तिला उमगेना. अक्का म्हणायची, "ती धाकटी. तिनं यावं. मी काही मनात ठेवणार नाही." आणि मला — खरं सांगू? — मला ते दिवस फार गोड गेले. संध्याकाळी अक्का परत पायरीवर बसून माझी वाट बघू लागली. आज कुणाचं मिटवलंस गं? मी सांगायचे. घरातलं तेवढं मी मिटवत नव्हते. ते तिच्या लक्षात आलं नाही, की आलं असून ती बोलली नाही, कोण जाणे.

मग दसरा आला.

आमच्या भागात दसऱ्याला बन्नी देतात. शमीची पानं. महाराष्ट्रात आपट्याचं सोनं देतात तशी. धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, हातात बन्नी ठेवायची, पाया पडायचं आणि म्हणायचं, "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण" — बन्नी घे, सोन्यासारखे राहू या. आमच्यासारख्या मराठी घरांतूनसुद्धा हे कन्नडमध्येच म्हणतात. मराठीत म्हटलं तर बन्नी लागू होत नाही, असं अक्का गमतीनं म्हणायची. आणि वर्षभराचं जे काही रुसणं-फुगणं असेल ते त्या पानांबरोबर संपतं. विचारणं नाही, खुलासे नाहीत, माफी नाही. बन्नी दिली, घेतली, मिटलं. भांडण मिटवण्याची इतकी सोपी रीत मला शाळेतसुद्धा कधी सुचली नाही. पण तिच्या दोन अटी असतात. बन्नी फोनवर देता येत नाही. आणि एकदा दिली की देणाऱ्यानं थोरल्याला परत विचारायचं नसतं, पोचली का, घेतली का. पुढचं थोरल्याच्या हातात.

त्या दिवशी दुपारी अक्का देवीच्या देवळात गेली होती. मी घरी. फाटक वाजलं. मेधा. एकटीच, बसनं आलेली, घामानं डबडबलेली, आईची ती हिरवी इरकल नेसलेली. मी चहा केला. तिनं बराच वेळ अक्काची वाट बघितली. सारखी उठून फाटकापर्यंत जायची. शेवटी तिला निघणं भाग होतं, संध्याकाळी त्यांच्याकडे विनूच्या ऑफिसातली माणसं बन्नी द्यायला येणार होती. तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बन्नीची डहाळी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"सुधाक्का, माझं काय चुकलं मला नाही कळत बघा. पण अक्का बोलत नाहीत तर मला जेवण जाईना. एवढी त्यांच्या हातात द्या. मी येऊन गेले म्हणून सांगा की. त्यांनी नुसता फोन करून 'घेतली' म्हटलं तरी बास."

मी म्हटलं, "देते गं. काळजी करू नकोस. मी आहे ना."

मी आहे ना! अख्ख्या धारवाड-हुबळीत तिनं नेमका माझ्यावर विश्वास ठेवावा?

ती गेली. मी रुमाल उघडला. शमीला काटे असतात, बारीक पण चांगले टोचणारे. त्या डहाळीला एकही काटा नव्हता. मेधानं एकेक काटा खुडून काढला होता. अक्काची मनगटं दुखतात, हाताला टोचू नये म्हणून. मी ती डहाळी उलटसुलट करून पाहिली. इतकी वर्षं मी दर दसऱ्याला अक्काला बन्नी दिली होती, झाडावरून ओरबाडून आणलेली, जशी असेल तशी. काटे काढावेत हे मला जन्मात सुचलं नव्हतं. आणि ही, हुबळीत बसून, रुसलेल्या अक्कासाठी काटे काढत बसली होती.  मला राग आला नाही. रागाला काही कारण लागतं. मला वाटलं, हिनं मला माझ्याच घरात हरवलं.

तरीही — ऐका — तरीही मी सांगणार होते. मी मेधाचा कप विसळून ठेवला तो सवयीनं. डहाळी हातात घेऊन दाराशी उभी राहिले ती अक्काला द्यायलाच. फाटक वाजलं, अक्का आली, मी तोंड उघडलं. आणि चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं,

"मेधा आली होती काय?"

कुणी आलं होतं का, असं नाही. तू जेवलीस का, असं नाही. मेधा. आणि तो चेहरा! माझ्यासाठी तिनं असा चेहरा कधी केला होता? मला एकही वेळ आठवेना.

मी म्हटलं, "नाही."

तिचा चेहरा उतरला. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "मग ही बन्नी?"

मी म्हटलं, "माझी. तुला द्यायला आणली." आणि वाकून तिच्या हातात मेधाची बन्नी ठेवली, पाया पडले आणि म्हटलं — तेही म्हटलं मी — "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण."

हाच तो माझा अपराध. झाला सांगून. एक "नाही", आणि एक "माझी".

अक्कानं डहाळीवरून बोट फिरवलं. थांबली. परत फिरवलं. "काटे काढलेस होय गं?" म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या सुधाला एवढं सुचलं." मला जवळ घेतलं. आई गेल्यानंतर जसं घेतलं होतं तसं. आणि मला — हे सगळ्यात वाईट आहे — मला बरं वाटलं.

तिनं ती डहाळी करंड्यात ठेवली, देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात.

दिवेलागणीनंतर ती बराच वेळ दाराकडे बघत बसली. मेधाच्या ओटीसाठी आणलेला खण आणि नारळ पाटावर तसाच होता. तिकडे हुबळीत मेधा फोनकडे बघत बसली असणार, हे मला माहीत होतं. दोन बायका एकमेकींची वाट बघत होत्या, आणि दोघींच्या मधे मी जेवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून निघताना मेधानं मला गाठलं. "दिली काय?" मी म्हटलं, "दिली." "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "घेतली. काही बोलली नाही." यात खोटं काही नव्हतं, असं मी बसमध्ये स्वतःला पटवत आले. दिली होती. घेतली होती. मेधाबद्दल ती काही बोलली नव्हती. गणिताच्या बाईनं मांडलेला हिशेब होता तो, सगळ्या पायऱ्या बरोबर आणि उत्तर सपशेल खोटं. आमच्याकडे बन्नी घेऊन गप्प बसणं याहून मोठा अपमान नाही. शिव्या दिल्या तर माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो.  इरकलच्या पदरानं — नाही, त्या दिवशी साधीच साडी होती. मेधानं पदरानं तोंड पुसलं आणि ती गेली.

अक्का म्हणाली, "पौर्णिमेपर्यंत बन्नी चालते. येईल." पौर्णिमा झाली. अक्का म्हणाली, "इरली बिडु." असू दे, सोड. त्यानंतर तिनं मेधाचं नाव घेणं बंद केलं.

आता तुम्ही विचाराल, विनू नाही बोलला? बोलणारच होता. भाऊबिजेला तो एकटाच आला, कपाळाला आठ्या घालून. मी त्याला फाटकातच गाठलं. "अक्काला बरं नाही," म्हटलं. "तो विषय काढू नकोस. काढलास की वाढेल. लहान आहे तोवर झाकून टाकावं." बघा — जी विद्या मी आयुष्यभर माणसं जोडायला वापरली, तीच. त्यानं ऐकलं. का नाही ऐकणार? घरातलं शहाणं माणूस मी! त्यानं ओवाळून घेतलं, दोन घास खाल्ले, गेला. अक्काला वाटलं, बायकोनं शिकवून पाठवलाय. त्याला वाटलं, आपली बहीण दगड झाली. लोक मला म्हणत, सुधाबाई, तुमच्यामुळे घरात आवाज तरी चढत नाही. खरंच होतं. कधीच चढला नाही. चढला असता तर मी उघडी पडले असते.

वर्षं गेली. अनघाचं लग्न ठरलं. त्या पोरीला अक्कानं न्हाऊमाखू घातलेलं. विनू अक्षता घेऊन आला, एकटाच. अक्कानं विचारलं, "बोलवायला घरची मालकीण का आली नाही?" विनू माझ्याकडे बघत गप्प राहिला. मी शिकवलं होतं ना त्याला गप्प राहायला. अक्का लग्नाला गेली नाही. मी गेले. थोरल्या आत्याची मानाची साडी होती, ती मेधानं माझ्यापुढे धरली. तिचे केस पिकले होते. म्हणाली, "ही अक्कांची. न्याल काय?" मी म्हटलं, "ती घेईल असं वाटत नाही." मेधा थोडा वेळ ती घडी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मग तुम्हीच नेसा." मी नेसले. घरी आल्यावर अक्कानं पदर हातात घेऊन पाहिला. "चांगली आहे. तुला दिली?" मी म्हटलं, "हो." मग तिनं नवरीनं काय घातलं होतं ते विचारलं, आणि मी सांगत असताना भिंतीकडे तोंड करून निजली.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. अक्का माझी एकटीची आहे. दुपारी फोन वाजत नाही. घरात ते हसणं ऐकू येत नाही — माझ्या वाट्यालाही नाही. ते गेलं ते मेधाबरोबर गेलं. मी हिसकावून घेतलं, पण जे हवं होतं ते हातात आलंच नाही. अक्काला आता नीट दिसत नाही. मनगटं खरोखरच दमली. मी तिला भरवते, न्हाऊ घालते, आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते. तो हात मी चोरला आहे, हे मला रोज कळतं.

अजूनही सांगता येईल, असं तुम्हाला वाटत असेल. येईल की. तिघी जिवंत आहोत. हुबळी काही लांब नाही, आणि अक्काला ऐकू चांगलं येतं. तरी मी सांगितलं नाही. घाबरते म्हणून? तेही आहे. पण खरं कारण त्याहून वाईट आहे. मी सांगितलं तर अक्का म्हणेल, रिक्षा बोलव. माझ्यावर रागवायलासुद्धा थांबणार नाही. तशीच, चाचपडत, मेधाकडे जाईल. आणि मला ते अजून सहन होत नाही. इतकं सगळं करून, या वयात, मला अजून त्या बाईचा हेवा वाटतो.

या दसऱ्यालाही अक्कानं पाटावर खण आणि नारळ ठेवायला लावला. कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी तिच्या हातात बन्नी ठेवली. हल्ली मी काटे काढून आणते. मग तिनं करंडा मागितला. त्या जुन्या डहाळीची पानं कधीच झडून गेली आहेत, काटकी तेवढी उरली आहे, कुंकवानं माखलेली. ती तिनं उचलली आणि नेहमीसारखं तिच्यावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अजून गुळगुळीत आहे बघ," म्हणाली. "इतकी माया कुणी केली नाही गं माझ्यावर. त्या वर्षी कुणी आलं नाही. तूच एक आलीस."

मी "हं" म्हटलं. तिनं काटकी करंड्यात परत ठेवली. बाहेर अंधार पडायला लागला होता. ती म्हणाली, आता कोण येतंय, दार लाव. मी उठले आणि दार लावलं.